रस्त्याचा पडदा

जबलपूरच्या मराठी मंडळाच्या नाट्यशाखेकडे तीन पडदे होते. एक जंगलाचा, एक राजवाड्याचा आणि एक रस्त्याचा. जंगल आणि राजवाडा नागपूरच्या एका बुडालेल्या नाटक कंपनीकडून आणलेले, त्यामुळे त्यांच्यावर कुणाचा जीव नव्हता. रस्त्याचा पडदा मात्र घरचा होता. तो पुंडलिकने रंगवला होता, आणि त्यावरचा रस्ता म्हणजे आपला फुहाऱ्याचा रस्ता. मधोमध फुहारा म्हणजे कारंजं, एका अंगाला मिठाईवाला, दुसऱ्या अंगाला भांड्यांची दुकानं, बांगडीवाला, एक टांगा आणि टांग्याखाली झोपलेलं कुत्रं. नाटक कुठलंही असो, रस्त्याचा प्रवेश आला की हाच पडदा खाली यायचा. हस्तिनापुरात फुहारा असे आणि पेशव्यांच्या पुण्यातही असे. श्रीकृष्ण शिष्टाईला निघाला तो मिठाईच्या दुकानासमोरून, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. प्रेक्षक संवाद सोडून आपापल्या ओळखीचं दुकान शोधत बसत. पुढे कमानिया गेट उभं राहिलं तेव्हा लोकांनी पुंडलिकच्या मागे लागून तेही पडद्यावर चढवून घेतलं.

पुंडलिक तोफांचे गाडे बनवणाऱ्या कारखान्यात नंबर घालायचा. गाडा तयार झाला, हिरवा रंग वाळला की त्यावर पांढऱ्या तेलरंगाने नंबर लिहायचे, एवढंच त्याचं काम. पण हात असा बसलेला की साचा न लावता लिहिलेला त्याचा आठ छापील आठासारखा दिसे. बोलणं मात्र नंबरापुरतंच. ‘नाही’ हा शब्द देवाने त्याला द्यायचा राहूनच गेला होता. मंडळात कुणीही काहीही सांगावं, पाट्या रंगव, मखर कर, सतरंज्या उचल, हा मान हलवून कामाला लागे. लोकांना त्याचं काम ठाऊक होतं, माणूस कुणाला फारसा ठाऊक नव्हता.

तो फुहाऱ्याजवळच एका भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायचा. खाली दिवसभर ठोके, वर एक लाकडी गॅलरी. त्या गॅलरीत संध्याकाळी त्याची बायको भानुमती उभी राहायची. कारखान्याचा भोंगा झाला की ती बाहेर येई, आणि वळणावर याची सायकल दिसली की चहाचं आधण ठेवायला आत जाई. म्हणजे रोज तो तिला गॅलरीत पाहायचा ते क्षणभरच. कठड्यावर एक हात, डोक्यावरून पदर, आणि आत वळायच्या आधीचं जरासं हसू. अकरा वर्षं त्याने हे पाहिलं. मूल झालं नाही. त्यावरून नातेवाईक बोलायचे ते बोलले, पण या दोघांनी एकमेकांना कधी बोल लावला नाही.

छत्तीस साली विषमज्वराने भानुमती गेली. तेराव्याला कुणीतरी फोटो मागितला, हार घालायला, तेव्हा पुंडलिकच्या लक्षात आलं की तिचा फोटोच नाही. सदर बाजारातल्या फोटोवाल्याकडे ते दोनदा गेले होते. एकदा दुकान बंद होतं. दुसऱ्यांदा फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं खुपसलं आणि भानुमतीला असं हसू फुटलं की आवरेचना. पुढच्या वेळी काढू म्हणून दोघं चाट खाऊन घरी आले. ती पुढची वेळ राहिली ती राहिलीच.

त्याच वर्षी मंडळाने रस्त्याचा पडदा त्याच्याकडे सोपवला. मांजरपाटाला खळ देऊन, पूडरंग सरसात कालवून त्याने फुहाऱ्याचा सगळा रस्ता काढला. दुकानांच्या वरच्या ओळीत स्वतःची गॅलरी काढली. आणि त्या गॅलरीत वीतभर उंचीची भानुमती काढायची असं त्याने मनाशी ठरवलं.

पण सरसाचा रंग म्हणजे पाण्याचा सोबती. जंगलाच्या पडद्यावर एकदा छप्पर गळलं होतं तेव्हा त्यातला वाघ वितळून हरणावर आलेला त्याने पाहिला होता. भानुमतीचं तसं व्हायला नको होतं. तिला तेलरंगच हवा होता, आणि तेलरंग होता कारखान्यात. गेटवर झडती कडक, खिळा बाहेर नेला तरी नोकरी जायची. जन्मात कुणाची सुतळी न उचललेल्या या माणसाने मग तंबाखू खायला सुरुवात केली. कशासाठी, तर चुन्याची डबी बाळगता यावी म्हणून. रोज काम संपताना करंगळीच्या नखाएवढा पांढरा रंग डबीत जाई. गेटवरचा शिपाई डबी उघडून पाही. "चूना है?" "चूना है." चोराच्या मनात चांदणं, पुंडलिकची बंडी पाठीला चिकटायची. एकोणीस दिवसांत पुरेसा रंग जमला. घरी जवसाचं तेल होतं, गेरू होता, काजळी होती. त्यांतून त्याने भानुमतीचा रंग जुळवला आणि एका रविवारी सकाळपासून बसून तिला काढलं. तंबाखूची सवय मात्र पुढे सुटली नाही.

ती अशी हुबेहूब उतरली की त्यालाच भीती वाटली. बायको जाऊन तीन महिने झाले नाहीत आणि हा तिला चारशे लोकांपुढे टांगतोय, म्हणून लोक हसतील. आणि भानुमती तरी चारशे लोकांपुढे उभी राहणारी होती का? म्हणून पडदा मंडळात पोचवायच्या आधी त्याने गॅलरीवर बांबूची चिक सोडली. म्हणजे सरसाच्या रंगाने तिच्यावरून आडव्या काड्यांची चिक रंगवून टाकली. आता ती आत होती आणि तिचा पत्ता एकट्या पुंडलिकला होता.

तेलावर सरस काही नीट धरत नाही. वर्षभरात चिकेचा रंग थोडा उडायचा. दर गणपतीआधी पडदा उलगडला की कधी तिचा कान दिसे, कधी कठड्यावरची बोटं. पुंडलिक स्टुलावर चढे, जे दिसेल ते क्षणभर पाही आणि पुन्हा काड्या ओढून झाकून टाकी. साऱ्या रस्त्यात याला एका चिकेचंच काय एवढं पडलंय, म्हणून लोक चेष्टा करायचे. तो ताकास तूर लागू देत नसे. वर्षातून तो एक दिवस त्याचा होता. बाकीचे दिवस कारखाना, खानावळ आणि वरच्या दोन खोल्या. संध्याकाळी वळणावर आला की सायकलवरून मान आपोआप वर जायची आणि रिकामी गॅलरी पाहून खाली यायची. सात वर्षांत ती मान काही शहाणी झाली नाही.

त्रेचाळीस साल आलं. लढाईने कारखाना रात्रंदिवस धडधडत होता. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रविवारची सुट्टी नावापुरती. गाडे इतके निघत की पुंडलिकचं मनगट संध्याकाळी पेला धरताना थरथरे. गावात दिव्यांना काळे कागद लागले, आणि कापड कंट्रोलमध्ये गेलं ते असं की लग्नाची धोतरं मिळेनात, तिथे नाटकाच्या पडद्याला मांजरपाट कोण देतो?

आणि नेमकं त्याच वर्षी नाट्यशाखेला नवं सामाजिक नाटक करायचं होतं. राजे नकोत, देव नकोत, एक दिवाणखाना हवा. शाखेचे चिटणीस अच्युतराव रेल्वेच्या ऑफिसात होते. एकदा ठरलं की आगगाडीसारखे रुळावरून न हलणारे. वैशाखात सभा भरली आणि त्यांनी तोडगा सांगून टाकला.

"जंगल आणि राजवाडा कुजले आहेत, पहिल्याच आपटीत फाटतील. रस्त्याचा पडदा धोब्याच्या भट्टीत टाकू. कोरा करकरीत निघेल. मग पुंडलिकराव त्याच्यावर दिवाणखाना काढून देतील. चालते ना, पुंडलिकराव?"

मान हलवायची पुंडलिकची सवय, पण आज मान हललीच नाही. धोब्याची भट्टी म्हणजे सोड्याचं उकळतं पाणी. त्यात सरस जातोच, तेलही जातं. भानुमती त्यातून परत आली नसती.

"धोब्याकडे काहून?" तो म्हणाला. "मी धुतो."

"तुम्ही? बारा तास ड्यूटी करून राहिले तुम्ही. आणि केवढा तो पडदा."

"कापड जुनं आहे. मीच धुतो."

अच्युतरावांनी खांदे उडवले. फुकटचा धोबी मिळत असेल तर त्यांना काय?

घरी आल्यावर पुंडलिकला कळलं की अर्धंच संकट टळलंय. साध्या पाण्यात धुतला तर भानुमती राहील, पण चिक जाईल. कोऱ्या पांढऱ्या कापडावर एकटी भानुमती साऱ्या मंडळापुढे उभी राहील. वरून दिवाणखान्याची भिंत फासून टाकली तर प्रश्न मिटत होता. पण भिंत म्हणजे चिक नव्हे. चिकेच्या आड माणूस आहे असं म्हणता येतं, भिंतीच्या आड काय म्हणायचं? कात्रीने तेवढा तुकडा कापून घरी आणावा, हेही मनात आलं. मग पडद्याला भोक, आणि ते का, हे सांगणं आलं. चार रात्री त्याला झोप लागली नाही.

ज्येष्ठात, पाऊस पडायच्या आधी, त्याने पाळी बदलून एक दिवस मोकळा काढला आणि टांग्यात पडद्याची गुंडाळी घालून ग्वारीघाट गाठला. या घाटावर तो सात वर्षांत आला नव्हता. मागच्या खेपेला आला तेव्हा हातात भानुमतीच्या अस्थी होत्या. नर्मदा तेव्हाही अशीच संथ होती. घाटाच्या एका टोकाला, आंघोळीच्या माणसांपासून दूर, त्याने पडदा पाण्यात सोडला आणि गॅलरीचा भाग तेवढा वर पायरीवर कोरडा ठेवला.

आधी आभाळ गेलं. मग मिठाईवाला, भांड्यांची दुकानं, टांगा. कुत्रं जरा वेळ टिकलं. कमानिया गेट शेवटी चढवलं होतं, ते सर्वांत आधी जायला हवं होतं, पण त्यावर सरस जास्त पडला असावा, ते चोळूनच काढावं लागलं. फुहारा तर पाण्यात पाणी होऊन गेला. सात वर्षं ज्यात माणसं आपापली दुकानं शोधत होती, तो रस्ता एका रंगीत पट्ट्यात खाली भेडाघाटाकडे निघून गेला. पुंडलिकला वाईट वाटलं, खूपच वाटलं. पण त्याचं लक्ष पायरीवर होतं.

शेवटी त्याने ओंजळीत पाणी घेतलं आणि चिकेवर सोडलं. काड्या विरघळल्या. तळव्याने हळूच पुसलं, आणि भानुमती बाहेर आली. सगळी, एकदम. कान नव्हे, बोटं नव्हेत, सबंध बाई. तोच हात, तोच पदर, आत वळायच्या आधीचं तेच हसू. तो त्रेचाळीस वर्षांचा झाला होता आणि ती तीसचीच होती. पुंडलिक गुडघाभर पाण्यात मटकन बसला आणि रडला. अस्थी सोडताना लोक बरोबर होते म्हणून जे रडू आलं नव्हतं, ते आलं.

दुपारपर्यंत त्याने पडदा पायऱ्यांवर पसरून वाळत घातला. नदीत सोडायचे फुला-दिव्यांचे दोने विकणारी एक म्हातारी बऱ्याच वेळची पाहत होती. ती जवळ आली.

"जे कौन हैं, भैया?"

सात वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. विचारलाच नव्हता, तर उत्तर द्यायची वेळ कुठून येणार?

"मेरी घरवाली," तो म्हणाला.

"हैं?"

"नहीं. थीं."

म्हातारीने त्या वीस फुटी पांढऱ्या कापडाकडे पाहिलं आणि त्याच्या एका कोपऱ्यातल्या वीतभर बाईकडे पाहिलं. "इत्ते बड़े कपड़ा में अकेली ठाड़ी है बिचारी," ती म्हणाली. "कछु घर-द्वार तो बना दो." आणि आपली टोपली उचलून निघून गेली.

पुंडलिक तिथेच बसून राहिला. भिंत फासायची, झाकायचं, कापायचं, एवढाच विचार तो चार रात्री करत होता. तिच्याभोवती घर बांधायचं त्याला सुचलंच नव्हतं.

आषाढभर कारखान्यातून आल्यावर तो मंडळाच्या हॉलमध्ये दिवाणखाना काढत बसे. कोच काढला, मेज काढलं, खिडकी काढली, खिडकीत तुळस काढली. भानुमती होती तिथे भिंत आली आणि भिंतीवर तिच्याभोवती शिसवी चौकट आली. काढायच्या राहिलेल्या फोटोची ती चौकट होती. एकच अडचण झाली. कठड्यावर ठेवलेला तिचा हात चौकटीच्या खालच्या पट्टीवर आला. फोटोतली बाई चौकटीवर हात टेकून खोलीत डोकावतेय असं दिसू लागलं. तो हात झाकायला पुंडलिक तयार नव्हता.

अच्युतराव पाहायला आले. पडदा त्यांना आवडला. मग चष्मा सरकवून ते भिंतीजवळ गेले.

"हा कुणाचा फोटो? नाटकात तर बाप आणि पोरगा दोघंच. घरात बाईच नाही."

"म्हणूनच," पुंडलिक म्हणाला.

"आणि हात बाहेर कसा आला? फोटोतून हात बाहेर येत असते का, पुंडलिकराव? पुसा तो. नाहीतर सबंध फोटोच पुसा, तिथे कॅलेंडर काढा."

"नाही."

हॉलमध्ये सतरंजी झाडणारा गडीसुद्धा थांबला. पुंडलिकच्या तोंडून हा शब्द त्या इमारतीत पहिल्यांदाच निघत होता.

"राहू द्या," तो हळूच म्हणाला. "असू द्या घरात एक बाई."

अच्युतरावांनी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. भानुमतीच्या तेराव्याला ते जेवून गेले होते, त्याआधी दिवाळीच्या फराळाला चार वेळा येऊन तिच्या हातचे अनारसे वाखाणून गेले होते. पण त्यांना ओळख पटली नाही. "बरं, राहू द्या," ते म्हणाले, "पोराची मेलेली आई म्हणून चालून जाईल." पुंडलिकला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्याहून जास्त एकटं वाटलं. इतकी वर्षं ती कुणी ओळखील म्हणून तो भीत होता. ओळखणारं कुणी उरलंच नव्हतं.

त्या वर्षी गणपतीतलं नाटक दिवसाउजेडी, दुपारी तीनला लागलं, कारण अंधार पडल्यावर दिवे लावायची बंदी. हॉल मात्र खच्चून भरला. रस्त्याचा पडदा गेला म्हणून दोन-चार जण कुरकुरले, पण दिवाणखाना पाहून गप्प झाले. मुलाचं काम श्रीरंग करत होता. बावीस वर्षांचा पोरगा, पुंडलिकच्याच कारखान्यात टर्नर, आई-वडील तिकडे अमरावतीकडे. पुंडलिक विंगेत दर्शनी पडद्याची दोरी धरून उभा होता. तेही काम त्याच्याकडेच असे.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगा लढाईवर जायला निघतो. पुस्तकात होतं ते एवढंच की तो बापाच्या पाया पडतो आणि जातो. श्रीरंग बापाच्या पाया पडला, पिशवी उचलली, दाराकडे वळला, आणि वळताना त्याची नजर भिंतीवर गेली. घरातून निघताना आपण जे करतो तेच त्याच्याकडून झालं. पिशवी खाली ठेवून तो फोटोसमोर गेला, हात जोडले, आणि टाचा उंचावून फोटोतल्या त्या बाहेर आलेल्या हाताला शिवलेली बोटं त्याने कपाळाला लावली.

"येतो, आई."

पुस्तकात नसलेलं वाक्य ऐकून प्रॉम्प्टर पानं उलटू लागला. बायकांच्या बाजूला एकदम शांतता झाली. दर घरामागे एक तरी माणूस कारखान्यात होता, आणि दर चार घरांमागे एक पोरगा पलटणीत. पुंडलिकच्या हातातली दोरी तशीच राहिली. भानुमतीला उभ्या जन्मात कुणी आई म्हटलं नव्हतं. समोरच्या विंगेतून अच्युतराव "दोरी, दोरी" करून ओरडत होते आणि त्याला ऐकूच येत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतः धावत येऊन पडदा पाडला.

नाटक संपलं तेव्हा सहा वाजत आले होते. दोघांचीही रात्रपाळी होती. श्रीरंग तोंडावरचा रंग घासत बाहेर आला, तोवर पुंडलिक सायकल काढून उभा होता.

"काका, माझं चुकलं काय? काहून बोललो ते माझं मलाच माहीत नाही. त्या फोटोकडे पाहून आलंच तोंडातून. कुणाचा आहे तो?"

"तुझ्या काकूचा."

श्रीरंग घासता घासता थांबला. दोन वर्षं तो या माणसाच्या शेजारच्या शॉपमध्ये काम करत होता, एका खानावळीत जेवत होता.

"काकू होती?"

"होती," पुंडलिक म्हणाला.

दोघं फुहाऱ्यावरून निघाले. वळणाशी आल्यावर पुंडलिक सायकलवरून उतरला आणि दुकानाच्या वरची गॅलरी त्याने बोटाने दाखवली. "तिथे उभी राहायची. भोंगा झाला की." मग तो सदर बाजारातल्या फोटोवाल्याचं सांगू लागला, आणि चाटचं, आणि अनारशांचं. तीन मैल सायकली हातात धरून ते चालतच गेले. श्रीरंगला पाळीला उशीर होईल अशी धास्ती होती, पण त्याने सायकलवर टांग टाकली नाही.

गेटवर झडतीत शिपायाने नेहमीसारखी डबी उघडली.

"चूना है?"

"चूना है," पुंडलिक म्हणाला, आणि वळून श्रीरंगला म्हणाला, "या डबीचंही सांगायचं आहे तुला. सकाळी सांगतो."